मागच्या कोपऱ्याचा अंदाज

इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, पडली का तुमची इमारत?" विचारणारा हसत असतो. शेजारचा गाडीवालाही हसतो. मी मेथीची जुडी उचलते, पैसे देते आणि पुढे जाते, पण घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. मी पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवते. मी भविष्य सांगत नाही. ती इमारत पडेल असं मी कधीच म्हटलं नव्हतं. मी जे म्हटलं होतं ते सोयीनं अर्धं ऐकलं गेलं, आणि त्या अर्ध्या ऐकण्याचा भुर्दंड एका पोरीला पडला. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो जावा असं मलाही वाटत नाही.

ही इमारत आमच्या समाजाची. पुढच्या बाजूला लग्नाचा हॉल, मागे दोन मजली मुलींचं वसतिगृह, मधे दोघांचं मिळून एक स्वयंपाकघर. मागच्या अंगणात मारुतीचा ओटा. वसतिगृहात तुकईथड, खकनार, निंबोला अशा गावांतल्या मुली राहायच्या. घरची केळी, कपाशी. खाऊनपिऊन सुखी माणसं. पण मुलीला शहरात एकटी ठेवायला बाप तयार नसतो. वसतिगृह समाजाचं, भिंत समाजाची, दारावरची मावशी समाजाची, म्हणून त्या मुली बऱ्हाणपूरला शिकत होत्या. ते वसतिगृह नसतं तर त्या गावीच राहिल्या असत्या, आणि गावी राहिलेल्या मुलीसाठी बाकी काही बघितलं जात नाही, स्थळं तेवढी बघितली जातात.

तुकईथडची एक मुलगी माझ्या वर्गात होती. सिव्हिलचं दुसरं वर्ष. उंच, सावळी, सारखी प्रश्न विचारणारी. पहिल्या बाकावर बसून ती माझ्या चुका काढायची आणि मला ते आवडायचं. तळमजल्यावरची मागच्या कोपऱ्यातली खोली तिची. एका उन्हाळ्यात तास संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, दार पावसाळ्यात फुगते, ते समजते मले. चैतात कायले अटकून राह्यलं?"

प्रश्न चोख होता. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि वर उभं असलेलं घर तिच्यासोबत वरखाली होतं. हे इथे प्रत्येक घराला माहीत आहे. पावसाळ्यात दारं लागत नाहीत, दिवाळीनंतर आपोआप लागायला लागतात. पण चैत्रात, माती कोरडीठाक असताना, दार अडकायला नको. मी तिच्यासोबत जाऊन पाहिलं. चौकट तिरकी झाली होती आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तडा गेला होता. मागच्या बाजूला गेले तर कारण समोरच होतं. हॉलमधल्या लग्नांची सगळी भांडी मागच्या मोरीवर घासली जात होती आणि ते पाणी कोपऱ्याजवळच्या खड्ड्यात मुरत होतं. लग्नसराई ऐन उन्हाळ्यातली. म्हणजे सगळीकडची माती आवळत असताना ह्या एकाच कोपऱ्याखाली चिखल. पुढे लोक पंगतीला बसत होते आणि त्यांचं खरकटं पाणी मागे पोरींच्या खोलीचा पाया खात होतं.

मी समाजाच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांचा कापडाचा ठोक व्यापार, माझ्या माहेराकडून लांबचे काका लागतात. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले की मोजणी आधीच करून घेतली आहे, माणूस मशीन घेऊन येऊन गेला, काही महिन्यांच्या अंतरानं चार वेळा मापं घेतली, इमारत जागची हललेली नाही. उलट पुढचा भाग किंचित वर आला आहे. हे सांगताना ते खूश होते. "इमारत वर येऊन राह्यली, म्हणजे समाज वर येऊन राह्यला," असंही म्हणाले आणि बसलेले चार जण हसले.

मला हसू आलं नाही. जड सिमेंटची इमारत भर उन्हाळ्यात वर कशी येईल? मी ती मापं मागून घेतली. उंची मोजायची तर ती कशापासून तरी मोजावी लागते. आपण एक न हलणारी जागा धरतो आणि बाकी सगळं तिच्या मानानं किती खाली गेलं ते बघतो. मी विचारलं, आधार कुठला धरला होता? काका म्हणाले, मारुतीचा ओटा.

तिथेच सगळं लक्षात आलं. ओटा त्या पाण्याच्या खड्ड्यापासून चार पावलांवर. ओटा आणि मागचा कोपरा दोन्ही एकाच चिखलात बसत चालले होते. ओट्यावर उभं राहून बघितलं तर कोपरा जागच्या जागी दिसणार आणि पुढचा कोरडा भाग वर आल्यासारखा दिसणार. मोजणीवाल्याला तो ओटा कार्यकारिणीनंच दाखवला होता. आमच्यात कुठलंही काम निघालं की पहिला नारळ तिथे फुटतो, लग्नाची पहिली पत्रिका तिथे ठेवली जाते. त्यामुळे पक्की जागा कोणती, असा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. त्यांना उत्तर आधीपासून माहीत होतं.

मी हे बैठकीत सांगितलं. फार सांभाळून सांगितलं. मारुती खचत नाही, काका, पण ओटा विटांचा आहे आणि विटा मातीवर आहेत. तरी व्हायचं तेच झालं. देवाचा ओटा थोडीच खचते, असं एक जण म्हणाला. गणितवाल्यांना देव दिसत नाही, असं दुसरा. मी दर शनिवारी त्याच मारुतीला तेल घालते, हे त्या दोघांनाही माहीत होतं. तरी विषय मातीवरून श्रद्धेवर गेला आणि एकदा तो तिकडे गेला की बाईमाणसानं पुढे काय बोलायचं? मी मनात म्हटलं, तुमच्या ओट्याचं काय ते मी मोजूनच दाखवते.

मी वर्कशॉपमधून लेव्हलचं मशीन मागून घेतलं. मुलींचं प्रॅक्टिकल म्हणून कॉलेजनं परवानगी दिली, आणि कार्यकारिणीनंही नाक मुरडत दिली. तापीच्या घाटाशी काळा खडक उघडा पडलेला आहे, तो आम्ही आधार धरला. तिथून टप्प्याटप्प्यानं मोजत, गल्लीबोळांतून, इतवाऱ्यातून समाजाच्या अंगणापर्यंत उंची आणायची. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत आम्ही निघालो. ती तुकईथडची मुलगी उंच मोजपट्टी धरून पुढे, मी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून मागे. एक दुकानदार शटर अर्धं उघडून घाबऱ्याघाबऱ्या बाहेर आला. "मॅडम, रोड चौडा होनेवाला है क्या?" त्याला समजावलं, तर पुढचा दुकानदार हजर. ती मुलगी शेवटी वैतागली आणि प्रत्येकाला म्हणू लागली की आम्ही मारुतीची उंची मोजून राह्यलो. कुणाचा विश्वास बसला नाही, पण वाट मिळाली.

पहिल्या मापानं एवढंच कळतं की आज काय कुठे आहे. मग काही आठवड्यांनी पुन्हा तीच वाट, पुन्हा तीच मापं. तिच्या खोलीतल्या तड्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोन खिळे ठोकले आणि त्यांच्यातलं अंतरही मोजत राहिलो. दिवाळीपर्यंत जेमतेम सहा मापं हातात आली. ओटा खाली गेला होता. मागचा कोपराही जवळपास तेवढाच, किंचित जास्त, खाली गेला होता. पुढचा हॉल इतर घरांसारखा पावसात उठला आणि मग बसला, बस.

सहा आकड्यांवरून पुढचं सांगायचं म्हणजे काय, हे मला इथे नीट सांगू द्या, कारण सगळ्यांनी माझी थट्टा नेमकी ह्याच गोष्टीवरून केली. आकडे थोडे असले की ते वेडेवाकडे दिसतात. एकात पाऊस मिसळलेला, एकात पट्टी धरणाऱ्याचा हात हललेला. पण त्यांची चढती बेरीज करत गेलं, म्हणजे पहिला, मग पहिला अधिक दुसरा, मग त्यात तिसरा, तर तो वेडेवाकडेपणा कमी होतो आणि खालून एक वळण दिसायला लागतं. त्या वळणाचं समीकरण बसवायचं, ते पुढे न्यायचं आणि मग बेरजेतून पुन्हा सुटे आकडे काढायचे. ही रीत जुनी आहे, प्रामाणिक आहे. फक्त तिला एका आकड्यात उत्तर मागू नये. ती सांगते की अंदाज इथून इथपर्यंत. आकडे जितके कमी, तितकी ही दोन टोकं लांब. त्या मुलीनं आणि मी दोघींनी वेगवेगळं गणित केलं आणि ताडून पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मागच्या कोपऱ्याचा कल चालवून घेण्यासारखा राहणार नाही, असं दोघींचंही आलं. चांगल्या टोकाला धरलं तरी थोडक्यात वाचणार. वाईट टोकाला धरलं तर त्या बाजूला माणूस असू नये.

त्या मुलीनं मापांची वही मिटली. मग म्हणाली, "हे सांगितलं तं आम्हाले घरी पाठवतील, मॅडम."

मी म्हणाले, नाही पाठवणार, मी तसं होऊ देणार नाही. मी तसं खरंच समजत होते.

बैठकीत मी चार गोष्टी सांगितल्या. भांड्यांचं पाणी आजपासून बंद करा, मोरी पुढे रस्त्याच्या गटाराला जोडा. मुलींना मागून काढून हॉलमध्ये झोपवा. हॉल आणि वसतिगृह एकाच चौकटीला बांधलेले आहेत, पुढे थोड्या मुली चालतील पण शेकडो माणसांची गर्दी नको, तेव्हा पाया नीट होईपर्यंत एक हंगाम लग्नं घेऊ नका. आणि मला दर महिन्याला माप घेऊ द्या, म्हणजे अंदाज सुधारत जाईल. मी चुकत असेन तर तेही दोन मापांत कळेल. हे सगळं एकत्र होतं. औषध पाण्यात घालून प्या म्हटलं तर कुणी नुसतं पाणी पिऊन उठत नाही.

काकांनी शेवटी एकच विचारलं, "पडणार का नाही, ते सांगा."

मी म्हणाले, तसं सांगता येत नाही. धोका आहे एवढं नक्की सांगते.

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गावोगाव फोन गेले. मॅडमनी गणित करून सांगितलं आहे, खोल्यांना धोका आहे, मुलींना घेऊन जा. मॅडमनी. मारुतीच्या ओट्याच्या वेळी ज्या मॅडमला काही कळत नव्हतं, त्याच मॅडमचं गणित आता वेदवाक्य झालं. हॉलबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हॉलच्या तारखा आधीच दिलेल्या होत्या. मोरी तिथेच राहिली. मापं बंद झाली, कारण मुली नाहीत म्हणजे प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही म्हणजे मी मशीन घेऊन अंगणात यायचं कारण नाही.

मी हॉलसाठी भांडले. मुलींची सोय समाजाच्या कुणाच्या तरी घरी करा म्हणून भांडले. लोक ऐकून घेत होते, चहा देत होते आणि मला दारापर्यंत पोचवत होते. तुकईथडच्या मुलीचे वडील जीप घेऊन आले तेव्हा मी वसतिगृहाच्या दारातच उभी होते. शांत, सरळ माणूस. मी म्हणाले, हिला माझ्या घरी राहू द्या, माझ्या मुलीसारखी ठेवीन. त्यांनी हात जोडले.

"तुमचं मन मोठं हाये, मॅडम. पण पोरीची जात हाये. समाजाचं वसतिगृह वेगळं, लोकायचं घर वेगळं. चालू झालं का आणून सोडतो परत."

मुलीनं वडिलांच्या पाठीमागून माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात आमच्या मापांची वही होती. ती तिनं मला परत केली नाही आणि मीही मागितली नाही. मला त्या बापाचाही राग आला होता, पण त्याच्यावर तो टिकेना. तो भ्याला होता. ज्यांनी त्याला भ्यायला लावलं ते मात्र मुळीच भ्यालेले नव्हते, त्यांना आपल्या तारखा तेवढ्या दिसत होत्या.

वसतिगृह चालू झालं नाही. हिवाळा गेला. तिची परीक्षा गेली. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा ती म्हणाली, घरी अभ्यास करते, दुसऱ्यांदा फोन तिच्या आईनं घेतला. मग वैशाखात पत्रिका आली. मुलगी तुकईथडची, मुलगा निंबोल्याचा. मुलाची केळीची बाग आहे, माणसं चांगली आहेत, असं पत्रिका आणणाऱ्यानं न विचारता सांगितलं. मी लग्नाचं ठिकाण वाचलं आणि पत्रिका टेबलावर आपटली. समाजाचा तोच हॉल. मुलगी शिकायला राहिली तर तिथे धोका, आणि तिचं लग्न लावायला चारशे माणसं जमवली तर तीच इमारत पक्की.

मी गेले. जाणार नव्हते, पण तिनं निरोप पाठवला होता की मॅडमना घेऊनच या. हॉल फुलांनी सजवलेला, सनई लावलेली, दारावर अत्तर. मागच्या खोल्यांना गुलाबी रंग मारून त्यांच्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीची नवरीची खोली केली होती. तीच खोली. आत पाच-सहा बायका, तिची वेणी घालणं चाललेलं. मला बघून तिनं सगळ्यांना म्हटलं की मला मॅडमशी एक मिनिट बोलायचं आहे. बायका कुरकुरत बाहेर गेल्या. हातभर मेंदी, हिरवा चुडा, त्यावर जड बाजूबंद. तिनं उठून दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. नव्या रंगातून तडा पुन्हा बाहेर आला होता. रंगाखाली दोन्ही खिळे तसेच होते.

"सकाळी आल्या आल्या मोजलं. स्टुलावर चढून. भावाच्या कंपासातली पट्टी घेतली." मग तिनं आकडा सांगितला. "आपल्या वाईट टोकाच्या जवळ हाये, मॅडम. गणित बरोबर होतं आपलं."

मी स्टुलावर चढले आणि पुन्हा मोजलं. तिचंच माप बरोबर होतं. इतक्या महिन्यांत कुणी मला जे एक माप घेऊ दिलं नव्हतं, ते ह्या मुलीनं स्वतःच्या लग्नाच्या दिवशी घेतलं होतं. मला रडू आलं असतं, पण राग इतका होता की रडायला जागाच नव्हती.

ती खाली बसली. आवाज न वाढवता म्हणाली, "गणित बरोबर होतं, तं मंग मलेच कायले काढलं? लग्नायले कायले नाही काढलं?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ह्याचं उत्तर ज्यांनी द्यायचं ते हॉलच्या दारात फेटे बांधून उभे होते. मी सरळ काकांकडे गेले. तड्याचं माप सांगितलं, तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, आणि म्हटलं की माणसं आत्ताच्या आत्ता हॉलबाहेर काढा. काका इकडेतिकडे बघत म्हणाले, "शुभ कार्यात असं बोलू नये, बाई. अक्षता पडू द्या, मग बघू." मी म्हणाले, मग मी माइकवर बोलते. त्यांना ठाऊक होतं की मी बोलले असते. शेवटी बाजूला उभं राहून हे ऐकणाऱ्या मुलीच्या वडिलांनीच मंडप पुढच्या मोकळ्या पटांगणात न्यायला लावला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. पंगत उन्हात बसली. नवरीच्या खोलीतून तिची पेटी बाहेर आली तेव्हा मी स्वतः दाराला कडी घातली.

काही पाहुणे चिडले. गरम वरण घामाघूम होऊन खावं लागलं, असं अजूनही माझ्या नावानं सांगतात. भिंत त्या दिवशी पडली नाही, त्यामुळे सांगायला त्यांना आणखी सोपं जातं.

संध्याकाळी ती निंबोल्याला गेली. गाडीत बसताना तिनं मला वाकून नमस्कार केला. पुढे शिकायचं की नाही ते तिच्या सासरच्यांनी ठरवायचं आहे आणि त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. मी त्याच रात्री नगरपालिकेला अर्ज लिहिला, माझ्याकडच्या नकलेतल्या सगळ्या मापांसकट. आठवड्याभरात समाजानं आपण होऊनच इमारतीला कुलूप लावलं, पुढे-मागे, हॉल आणि खोल्या सगळ्यांना. फार जबाबदारीनं निर्णय घेतला, असं काका म्हणाले. त्या उन्हाळ्यात हॉलची दिलेली शेवटची तारीख तिच्याच लग्नाची होती.